रंगावाचून अजिंठा

अजिंठ्याचे नाव निघाले की आपल्याला आधी आठवतो तो रंग. गेरूचा तांबडा, मातीचा पिवळा आणि मधूनच चमकून जाणारा निळा. तेव्हा अजिंठ्याची काळीपांढरी छायाचित्रे पाहायची म्हणजे मिठावाचून केलेल्या कालवणाला बसण्यासारखेच. मलाही तसेच वाटत असे. पण मेजर रॉबर्ट गिल याने काढलेली आणि जेम्स फर्ग्युसनने १८६४ साली लंडनहून काढलेल्या ग्रंथातली ७४ छायाचित्रे पाहिली, आणि माझे मत फिरले. त्यांत वेरूळही आहे. मी बोलणार आहे ते अजिंठ्याविषयी.

गिल मुळात चित्रकार. भिंतींवरील चित्रांच्या नकला करण्यासाठी कंपनी सरकारने १८४४ साली त्याला अजिंठ्यास धाडले, आणि पुढली कितीतरी वर्षे तो रंग कालवीत बसला. त्या नकलांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या अखेरीस लागलेल्या आगीत जळाल्या. कॅमेरा मात्र त्याने त्याआधीच हाती घेतला होता. त्या काळी काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि लगोलग अंधारात धुवायचे. या काचेची एक खोड होती. निळा उजेड तिला चटकन दिसे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे गेरू काळा आणि निळा पांढुरका! त्यात लेण्यांतला अंधार. ज्या रंगांपायी या माणसाने डोळे शिणवले, त्यांच्यापुढे त्याचे नवे यंत्र आंधळे होते.

उरला तो दगड. आणि गंमत अशी की, दगड उरल्याबरोबर घर दिसू लागले. भित्तिचित्रे पाहताना आपण राजपुत्रांच्या महालांत हिंडत असतो. आपण कुणाच्या तरी राहत्या जागेत उभे आहोत याचे भानच नसते. गिलच्या चित्रांत ओसरी आहे, खांब आहेत, उन्हाची हद्द संपून सुरू होणारा काळोख आहे. त्या काळोखात कुणीतरी निजत होते. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात तीन बाजूंना मिळून १२ खोल्या, आणि दर खोलीत दोन दगडी ओटे. म्हणजे एका छपराखाली २४ माणसे. शाळामास्तराला हिशेब केल्यावाचून राहवत नाही, त्याला इलाज नाही.

ही नजर मला कान्हेरीने दिली, हे कबूल केले पाहिजे. आम्ही कळंबची माणसे. लेणे म्हटले की आमच्या मनात येते ते बोरिवलीच्या रानातले. एकाच डोंगरात शंभरावर गुंफा, कातळातच खोदलेल्या पायऱ्या, बसायला बाकडी, दाराशी पाण्याचे टाके. एकदा सहलीत एका मुलाने विचारले, "सर, यांची मोरी कुठे?" मी टाकी दाखवली, पावसाचे पाणी वळवणारे पाट दाखवले. त्याचे समाधान झाले नाही. टाके पाणी साठवायला. मोरी कुठे, हा त्याचा प्रश्न कायम. तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये सोपाऱ्याची माणसे आहेत. सोपारे म्हणजे आमचा शेजारच. बुरूड राजाच्या कोटात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला ते. डोंगरावरच्या त्या बिऱ्हाडांना खालच्या गावांचा आधार होता.

नेमका हा शेजार गिलच्या चित्रांत मला सापडत नाही. त्याचे एकेक लेणे एकट्या वाड्यासारखे उभे. फर्ग्युसनचे सारे लक्ष घडणीच्या शैलीत आणि कालक्रमात, त्यामुळे हे एकटेपण अधिकच गडद होते. वास्तविक वाघोरा नदीच्या वळणावर तीसएक लेणी खांद्याला खांदा लावून उभी आहेत. एकीतला खोकला दुसरीत ऐकू जात असेल. हा गजबजाट ज्या चित्रात नाही, ते वास्तूचे चित्र म्हणून उत्तम असेल. वसतीचे चित्र म्हणून मी त्याला अपुरेच म्हणेन.

याच्या अगदी उलट दोष आजच्या प्रवासी छायाचित्रकारांचा. तिबेटी मुलखात सेर्तारजवळ लारुंग गार ही १९८० साली सुरू झालेली बौद्ध वसाहत आहे. डोंगराच्या उतारावर हजारो तांबड्या झोपड्या एकमेकींना खेटून. छायाचित्रकार समोरच्या टेकडीवर चढतो आणि सगळी वस्ती एका चौकटीत कोंबतो. त्यातला तांबडा काढून टाकलेली काही चित्रे मी पाहिली. खवले दिसतात, मासा दिसतो. दार एकही दिसत नाही. २०१६ पासून तिथली पुष्कळ घरे पाडण्यात आली. कोणते घर कुणाचे होते, हे त्या सुंदर चित्रांवरून सांगता येणार नाही. गिलच्या चित्रात निदान उंबरठा तरी ओळखू येतो.