टेलिपोर्ट आणि रस्ता बांधणारे

माइनक्राफ्ट या खेळाचं जग मध्यबिंदूपासून प्रत्येक बाजूला तीन कोटी ठोकळे पसरलेलं आहे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. साध्या चालीनं, न थांबता, न झोपता निघालं तर मध्यापासून सीमेपर्यंत पोचायला आपल्या घड्याळातले ऐंशी दिवस लागतात. एवढं अफाट अंतर खेळ मांडून ठेवतो, आणि लोक एकत्र खेळतात त्या बहुतेक सार्वजनिक सर्व्हरांवर ते एका शब्दानं पुसलं जातं. '/होम' लिहिलं की माणूस आपल्या घरी. '/स्पॉन' लिहिलं की सगळे जिथून सुरुवात करतात त्या चौकात. '/टीपीए' लिहून परवानगी मागितली आणि समोरच्यानं ती दिली, की थेट त्याच्या अंगणात.

मूळ खेळात यातलं काहीच सामान्य खेळाडूला मिळत नाही. तिथे उडी मारून जागा बदलायची आज्ञा फक्त सर्व्हरचालकाच्या हाती असते. २०१०च्या अखेरीस बुकिट नावाची व्यवस्था आली आणि सर्व्हरला बाहेरून नवे नियम जोडणं सोपं झालं. त्यावर चालणारं एक अतिशय लोकप्रिय जोडकाम म्हणजे 'एसेन्शियल्स'. नावाचा अर्थ 'आवश्यक गोष्टी'. त्या आवश्यक गोष्टींत टेलिपोर्ट पहिल्या रांगेत बसला, आणि तो खरंच आवश्यक आहे का, हे पुढे फारसं कुणी विचारलं नाही. विचारलं गेलं ते एवढंच, की तो 'संतुलित' कसा करायचा.

हे संतुलन म्हणजे काय, ते मी अनेक सर्व्हरांच्या नियमावल्या वाचून पाहिलं आहे. आज्ञा दिल्यावर काही सेकंद स्तब्ध उभं राहायचं. हललात किंवा मार बसला तर आज्ञा रद्द. एकदा वापरल्यावर पुन्हा वापरायला इतकी मिनिटं थांबायचं. खेळातल्या चलनात शुल्क भरायचं. घरं एक की तीन, याची मर्यादा. सगळे उपाय वापरणाऱ्याचा वेळ आणि वापरणाऱ्याचा पैसा मोजतात. जो वापरत नाही, त्याच्यावर काय परिणाम होतो हे यातलं एकही माप सांगत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

आकडे घेऊ. घर चौकापासून चार हजार ठोकळे दूर आहे. धावत गेलं तर जवळपास बारा मिनिटं लागतात. खेळात नेदर नावाचं पाताळ आहे. तिथला एक ठोकळा वरच्या जगातल्या आठ ठोकळ्यांबरोबर. म्हणजे चार हजारांचे पाचशे होतात, आणि दीड मिनिटात माणूस पोचतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांना दरवाजे उभारावे लागतात आणि मधे बोगदा खणावा लागतो. लाव्हा आडवा येतो. घास्ट नावाचे उडते राक्षस आगीचे गोळे टाकतात. त्या गोळ्यांनी पाताळातला मूळ खडक फुटतो, पण घडीव दगड फुटत नाही, म्हणून शहाणे लोक बोगद्याला दगडी अस्तर करतात. असं अस्तर करायला कित्येक संध्याकाळी जातात. थोडक्यात, खेळानं टेलिपोर्ट स्वतःच दिलेला आहे, फक्त तो कुणीतरी बांधावा लागतो. एकदा बांधला की तो सगळ्यांचा होतो.

पुण्यातल्या काही महाविद्यालयीन मुलांच्या छोट्या सर्व्हरवर मी दीड वर्ष होतो. वीसेक जण. (माझ्या वयाचा मी एकटा, त्यामुळे सगळे मला काका म्हणत आणि अवजड कामं देत.) दोघांनी चौकापासून वाळवंटातल्या वस्तीपर्यंत पाताळातून असा रस्ता नेला. वाटेत दुकान निघालं, शिदोरी आणि बाण विकणारं. परीक्षा जवळ आल्या तेव्हा कुणाकडेच वेळ नाही म्हणून चालकानं '/होम' सुरू केलं. तीन घरं, पाच सेकंदांचं थांबणं. प्रचलित मापानं अगदी संतुलित. पंधरवड्यात दुकानातल्या पेट्या जशाच्या तशा भरलेल्या राहू लागल्या. रस्ता तसाच होता, दिवेही जळत होते. कुणी भांडलं नाही. भांडायलाही रस्त्यात कुणी भेटावं लागतं.

हा प्रकार माइनक्राफ्टपुरता नाही आणि नवाही नाही. १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्टमध्ये दूरच्या प्रदेशात क्षणात पोचवण्याची विद्या विझर्ड आणि ड्रुइड या दोन जातींच्या पात्रांनाच होती. बाकीचे त्यांना शोधत, पैसे देत, दोन शब्द बोलत. व्यापार ईस्ट कॉमनलँड्समधल्या एका बोगद्यात भरे. ती जागा खेळाडूंनीच ठरवलेली होती. २००१च्या अखेरीस आलेल्या भागात अधिकृत बाजार मिळाला आणि बोगदा ओस पडला. २००२च्या 'प्लेन्स ऑफ पॉवर'नं शहरांजवळ पुस्तकं ठेवली. पुस्तकाला हात लावला की मधल्या एका लोकात, तिथून हव्या त्या शहरात, तेही फुकट. प्रवास सुखाचा झाला, यात शंका नाही. पण पोचवणाऱ्यांचा धंदा बसला, आणि त्याबरोबर अनोळखी माणसाशी बोलायचं एक निमित्तही गेलं.

उलट टोकाला २बी२टी हा २०१०पासून चालणारा, नियमच नसलेला सर्व्हर आहे. तिथे सामान्य खेळाडूला अशी कुठलीही आज्ञा नाही. चौकाचा परिसर उद्ध्वस्त आहे. जगायचं असेल तर दूर जायचं, आणि तुमचं घर किती सुरक्षित हे तुम्ही किती चाललात यावर ठरतं. अंतर हेच तिथलं कुलूप. पाताळातले लांबच लांब महामार्ग खेळाडूंनी तिथेच खणले, कारण त्यांना पर्याय नव्हता. मला तो सर्व्हर राहण्याजोगा वाटत नाही. तरी तिथे रस्त्याला किंमत आहे, हे मान्य करावं लागतं.

सर्वांत हुशार तोड मला २०२१मध्ये आलेल्या व्हॅल्हाइम या स्वीडिश खेळात दिसते. तिथे दरवाजे आहेत, पण तांबं, कथील, लोखंड अंगावर असेल तर साधा दरवाजा माणसाला आत घेत नाही. माणूस क्षणात जातो, माल मात्र जहाजानंच न्यावा लागतो. त्यामुळे दरवाजेही राहतात आणि बंदरंही राहतात. २०२३मध्ये हा नियम सैल किंवा कडक करण्याची मुभा खेळाडूंना मिळाली, तरी मूळ कल्पनेचा कस कमी होत नाही.

माइनक्राफ्टमध्ये हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. तिथे एंडर पेटी आहे. कुठेही उघडली तरी आत तुमचाच माल. सत्तावीस खणांत सत्तावीस शल्कर पेट्या, प्रत्येकीत पुन्हा सत्तावीस खण, म्हणजे साधी वस्तू असेल तर ४६,६५६ नग माणसाबरोबर न वाहता हिंडतात. मालाचं अंतर खेळानं स्वतःच मोडलं आहे. पण आधी रेशमी स्पर्शाचं कुदळ, एंडरचे डोळे, शेवटच्या लोकातली मोहीम असं सगळं कमवावं लागतं, आणि पेटी ज्याची त्यालाच उघडते. 'घरी जा' ही आज्ञाही मूळ खेळात एका अर्थी आहेच. मेलं की माणूस आपल्या बिछान्यापाशी उठतो. किंमत अशी, की सामान मेल्या जागी पडतं आणि कमावलेल्या अनुभवाचा मोठा भाग जातो. जुने खेळाडू सामान पेटीत ठेवून मुद्दाम मरतात आणि घरी पोचतात, हे मी पाहिलं आहे. विनोदी वाटतं, पण हिशेब चोख आहे.

म्हणून सगळ्या आज्ञांना एकच सेकंदांची पट्टी लावणं मला चुकीचं वाटतं. '/बॅक', म्हणजे मेल्या जागी परत, ही मी सर्वांत आधी बंद करीन. पडलेलं सामान पाच मिनिटांत नाहीसं होतं, आणि ते गाठण्याची धाव हा या खेळातला सर्वांत थरारक भाग आहे. यादृच्छिक ठिकाणी फेकणारी आज्ञा नव्या माणसासाठी ठेवावी. चौकाभोवतीची झाडं-खाणी आधीच्यांनी ओरबाडलेल्या असतात, आणि ही आज्ञा अंतर खात नाही, निर्माण करते. '/टीपीए'त निदान दुसऱ्याची संमती लागते. बोलावून घेऊन मारणारे महाभाग सर्वत्र आहेत, पण तो माणसाचा दोष. '/स्पॉन' असू द्यावं, कारण चौकात येणं म्हणजे लोकांत येणं. '/होम' मात्र नको. येताना शब्द, जाताना पाय. अर्धा रस्ता तरी वापरात राहील.

यावर एक आक्षेप खरा आहे. दिवसभर काम करून रात्री तासभर खेळणाऱ्यानं बारा मिनिटं धावण्यात का घालवावीत? त्यानं घालवू नयेत. त्याला दीड मिनिटाचा बोगदा मिळायला हवा, आणि तो बांधणाऱ्यांना दगड, दिवे, हवं तर सर्व्हरच्या खजिन्यातून मजुरी मिळायला हवी. चालकाकडे टेलिपोर्टचं शुल्क गोळा करण्याची यंत्रणा तयारच असते. ते शुल्क जिथे नाहीसं होतं, तिथून काढून रस्त्यावर खर्च करायला एका संध्याकाळचं काम पुरेल.