‘जाईची नवलकहाणी’ : शीर्षक आणि श्लेष

लुइस कॅरलच्या ‘ॲलिस’चे (१८६५) भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांनी मराठीत रूपांतर केले व त्यास ‘जाईची नवलकहाणी’ हे नाव दिले. ‘फास्टर फेणे’च्या कर्त्याची ही कृती बालवाङ्मयाच्या यादीत नोंदवून आपण पुढे जातो. भाषाभ्यासकाने मात्र शीर्षकापाशीच थोडे थांबावे.

‘कहाणी’ हा शब्द श्रावणातील व्रतकथांचा. कहाणी म्हटली की वसा आला आणि शेवटी फळही आले. मूळ कथेतील डचेस तर जेथे तेथे तात्पर्य काढण्याच्या खोडीपायीच हास्यास्पद ठरते. तात्पर्याची अशी थट्टा करणाऱ्या कथेस सुफळ संपूर्ण होणाऱ्या प्रकाराचे नाव मिळावे, हा विरोध मला प्रथम खटकला. आता तो मार्मिक वाटतो. ‘जाई’ हे फुलाचे नाव, तसेच ‘जाणे’ ह्या धातूचे रीतिभूतकाळाचे रूपही : ‘ती रोज जाई’. भागवतांना हे अभिप्रेत असो वा नसो, सशामागे बिळात शिरणाऱ्या मुलीला ते शोभते.

खरी कसोटी श्लेषांची. उंदराची कहाणी आणि त्याचे शेपूट ह्यांना इंग्रजीत एकच उच्चार आहे. तेथे छपाईसुद्धा शेपटाच्या आकाराची. मराठीत हे ध्वनिसाम्य नाही, पण लांबत जाणाऱ्या गोष्टीस आपण मारुतीचे शेपूट म्हणतो. अंजनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलास ह्यावर टीप नको. विनोद उच्चारातून वाक्प्रचारात सरकतो, इतकेच.

दुसरे स्थळ अधिक कठीण. धड्यांचे तास तेथे रोज एकाने घटतात, कारण ‘धडा’ व ‘घटणे’ ह्यांचे इंग्रजी शब्द समोच्चारी आहेत. मराठीत ‘पाठ’ हाताशी आहे. परंतु धड्याच्या अर्थी तो पुल्लिंगी, शरीराच्या अर्थी स्त्रीलिंगी. ‘पाठ संपला’ म्हणताच एक अर्थ गळतो, ‘पाठ फिरली’ म्हणताच दुसरा. क्रियापदच चहाडी करते! आज्ञार्थात मात्र लिंगभेद नाही. गुरुजींनी ‘पाठ दाखव’ म्हणावे आणि विद्यार्थ्याने वळून चालू लागावे.

तासांचे गणित ह्यात सुटते हे खरे, आणि ऑक्सफर्डच्या त्या गणिताध्यापकास ते कदाचित रुचले नसते. तथापि हशा त्याच जागी येतो; तळटीपेने तो येत नाही. शब्दास शब्द लावून भाषांतर पारखणाऱ्या आपल्या तक्त्यांत मात्र हे स्थळ ‘गाळले’ असेच नोंदले जाईल.