एकट्याची सायकल आणि रस्त्याचा हक्क

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा आजवर ठरावीक शब्दांवर चालत आली आहे. निसर्गचित्रण, लालित्य, सौंदर्यदृष्टी आणि अलीकडे ‘स्वतःचा शोध’. या शब्दांनी दऱ्याखोरी मोजता येतात, माणूस मोजता येत नाही. प्रवाशाला वाटेत पाणी कुणी दिले, रात्री तो कुणाच्या ओसरीवर झोपला आणि नाव विचारल्यावर त्याने काय सांगितले, हे तीन साधे प्रश्न आपल्या समीक्षेने कधी विचारलेच नाहीत. ज्यांना या प्रश्नांची उत्तरे जन्मतःच मिळालेली असतात त्यांना ते प्रश्न सुचत नाहीत, यात नवल नाही. नवल एवढेच की आपणही प्रवासवर्णन हा पांढरपेशांचा फावल्या वेळचा उद्योग आहे असे म्हणून तो सोडून दिला. सायकलवरून एकट्याने केलेल्या दूरच्या प्रवासाच्या निमित्ताने हे प्रश्न इथे विचारायचे आहेत.

मी पनवेलला राहतो. मुंबई-गोवा महामार्ग इथूनच कोकणात उतरतो आणि जुना पुणे रस्ता इथूनच बोरघाटाकडे जातो. त्यामुळे या गावातून रोज दोन प्रकारच्या सायकली जातात. एक सायकल बांधकामावरच्या मजुराची; हँडलला डबा आणि मागे थापी-ओळंब्याची पिशवी. दुसरी गिअरची, हलकी, मजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढ्या किमतीची. तिच्यावर शिरस्त्राण घातलेला तरुण रविवारी पहाटे कर्नाळ्याच्या खिंडीकडे निघालेला असतो. पहिल्याला लोक ‘सायकलवाला’ म्हणतात, दुसऱ्याला ‘सायकलिस्ट’. पहिला वर्षाकाठी दुसऱ्यापेक्षा जास्त अंतर तोडत असेल; पण त्याच्या अंतराला कुणी मोहीम म्हणत नाही. गरजेची पायपीट साहित्याबाहेर आणि हौसेची पायपीट साहित्यात, ही विभागणी कुणी केली?

ही विभागणी सायकलीहून फार जुनी आहे. गावगाड्यात सर्वांत जास्त रस्ता कोण चालत होता? महार चालत होता. सरकारी सारा तालुक्याला पोचवणे, गावोगाव निरोप नेणे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणे, त्याचे सामान वाहणे आणि परक्या वाटसरूला पुढच्या गावची वाट दाखवणे हे त्याच्या वतनाचे काम होते. नदीला उतार कुठे आहे, खिंडीत पाणी कुठे आहे हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. १९५८च्या कायद्याने हे वतन गेले. पण ज्याने साऱ्या मुलखाला वाट दाखवली त्याच्या स्वतःच्या वाटेचे एकही पान त्या काळच्या मराठी प्रवाससाहित्यात नाही. तो प्रवासाचे साधन होता, प्रवासी नव्हता.

याच पट्ट्यातले मराठी प्रवासवर्णनाचे मोठे उदाहरण घेऊ. पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. ग्रंथ थोर आहे, याबद्दल वाद नाही. गोडसेभटजी लुटले गेले, उपाशी राहिले, जिवाच्या भीतीने पळाले. त्यांचे हाल खरे आहेत. पण दक्षिणेच्या आशेवर एक गरीब ब्राह्मण कोकणातून गंगेपर्यंत जाऊ शकला, कारण त्याची जात हाच त्याचा परवाना होता. अनोळखी गावात त्याला पंगतीत पान मिळे, वाड्यात जागा मिळे. परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावरून आणली. मातृपितृभक्तीचा हा प्रसंग समीक्षक भरल्या मनाने सांगतात. मला त्यात दुसरेही दिसते. शेकडो कोस दूरच्या नदीचे पाणी एकाला घरी आणता येत होते. त्याच मुलखात, महाडला, दुसऱ्याला शेजारच्या तळ्यातले ओंजळभर पाणी घेता येत नव्हते. भूगोल एकच, पण त्यावर दोन नकाशे होते. एका नकाशात पाणवठे दाखवलेले होते, दुसऱ्यात ते पुसलेले होते.

सायकल आली तेव्हा हे नकाशे बदलतील असे वाटावे, असे तिच्यात काहीतरी आहे. बैलगाडीला गाडीवान लागतो, टांग्याला टांगेवाला लागतो. सायकलला दुसरा कुणीच लागत नाही. ऑक्टोबर १९२३मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भमगारा या तिघांनी तो पुरा केला आणि १९२८ साली ते घरी परतले. त्यांनी वाळवंटे तुडवली, पर्वत ओलांडले, तहान सोसली. त्यांच्या धाडसाला माझा मुजरा आहे. पण सन लक्षात ठेवा. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सरकारी खर्चाची तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. ते तिघे जग पालथे घालत असतानाच, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून माणसांची डोकी फुटली.

इथे साहित्यविचाराचा एक कळीचा मुद्दा आहे. वाळवंटात पाणी नसते म्हणून लागलेली तहान आणि भरलेल्या तळ्याकाठी पाणी नाकारले म्हणून लागलेली तहान, या दोन तहाना आपली समीक्षा वेगवेगळ्या खणांत ठेवते. पहिलीला ती ‘साहस’ म्हणते, दुसरीला ‘गाऱ्हाणे’. पहिलीत तिला वीररस दिसतो, दुसरीत प्रचार. माझ्या मते दुसरी तहान सोसून पुढे चालणाऱ्या माणसाला अधिक धैर्य लागते. कारण वाळवंट संपते, गाव संपत नाही.

या दृष्टीने बाबासाहेबांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे इंग्रजी टिपण प्रवासवर्णन म्हणून पुन्हा वाचले पाहिजे. आपण ते आत्मकथन म्हणून वाचतो. पण त्यातले बहुतेक प्रसंग रस्त्यावरचे आहेत. १९०१ साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरतात. जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो. अखेर दुप्पट भाड्यावर एकजण तयार होतो. पण गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. जवळ खायला आहे, प्यायला पाणी नाही. १९२९ साली चाळीसगावला टांगेवाला टांगा देतो, पण स्वतः हाकत नाही. न सरावलेला माणूस हाकतो, अपघात होतो आणि बाबासाहेबांचा पाय मोडतो. म्हणजे वाहन आहे, भाडे आहे, रस्ता आहे. नाही तो फक्त शेजारी बसायला तयार असलेला माणूस. आपल्याच देशात प्रवास करायला परवाना लागतो, हे त्या शीर्षकातच आहे. मराठीतल्या कोणत्याही घाटवर्णनापेक्षा प्रवास म्हणजे काय हे या थोड्या पानांतून मला अधिक कळले.

चवदार तळ्याच्या दिवसाआधी एका वर्षी मी पनवेलहून महाडला एकटा सायकलने गेलो. अंतर सव्वाशे किलोमीटरांच्या पुढे. त्यात विक्रम काही नाही. पुस्तकात वाचलेला रस्ता पायाखालून घालावा एवढाच हेतू होता. कर्नाळ्याची खिंड, खारपाड्याला पाताळगंगा, पेण, नागोठण्याची अंबा, सुकेळीची खिंड, कोलाडला कुंडलिका, माणगाव, लोणेरे आणि मग सावित्रीचे खोरे. एका खोऱ्यातून चढायचे आणि दुसऱ्यात उतरायचे, असाच हा रस्ता आहे. डोंगर सुंदर आहेत. ते मला दिसले नाहीत असे नाही. पण रस्त्याच्या कडेला वीटभट्ट्याही होत्या आणि त्यांवर राबणारी कातकरी कुटुंबेही होती. एकट्या सायकलस्वारांच्या लिखाणात ही माणसे हात हलवणारी, हसणारी, निसर्गाचाच एक भाग म्हणून येतात. त्यांच्या उचलीचा हिशेब येत नाही.

वाटेत पाणी मला सगळीकडे मिळाले. हे नोंदवणे भाग आहे, कारण ते कुणाच्या उपकाराने नव्हे तर लढ्याने मिळाले आहे. पण दोन ठिकाणी चहाबरोबर प्रश्नही आला : “कुठले? एकटेच? आडनाव काय?” आणि आडनाव सांगितल्यावर क्षणभर शांतता आली. रात्री एका ठिकाणी खोलीसाठी नाव लिहून झाल्यावर पुन्हा “पूर्ण नाव सांगा” असे विचारले गेले. खोली मिळाली. कुणी अपमान केला नाही. पण गिअर बदलून चढ संपवता येतो, आडनाव बदलता येत नाही. “रस्त्यावर मला कुणी जात विचारली नाही,” असे जो लिहितो त्याने हेही लिहावे, की विचारायची गरज का पडली नाही.

महाडच्या अलीकडे, सावित्रीकाठी, दासगाव लागते. महाडच्या परिषदेसाठी झटलेले रामचंद्र बाबाजी मोरे याच गावच्या शाळेत शिकले. डिसेंबर १९२७च्या सत्याग्रह परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांना आणि त्यांच्या सोबत्यांना धरमतरहून मोटारीने महाडला जायचा रस्ता बंद होता. मोटारमालकांनी त्यांना न नेण्याचे ठरवले होते. म्हणून ते ‘पद्मावती’ बोटीने समुद्रमार्गे आले, २५ डिसेंबरला दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून सुमारे पाच मैल घोषणा देत महाडपर्यंत चालत गेले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली गेली. रस्ता नाकारला तेव्हा माणसांनी नदीचा रस्ता केला. आज त्या रस्त्यावर लोणेऱ्याला बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे आणि दासगावहून भरधाव गाड्या जातात. पण मुंबई-गोवा मार्गाच्या कोणत्या प्रवासलेखात दासगावाला एक ओळ मिळाली आहे? मासळी, सोलकढी आणि सूर्यास्त यांना मात्र पानेच्या पाने आहेत.

आता अगदी खऱ्या अर्थाने एकट्या दलित सायकलस्वाराचे उदाहरण. ओडिशाचे चित्रकार प्रद्युम्नकुमार महानंदिया जानेवारी १९७७मध्ये दिल्लीहून जुन्या सायकलवर निघाले. अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान असे मुलूख ओलांडत, वाटेत लोकांची चित्रे काढून पोट भरत ते युरोपात पोचले आणि शेवटचा टप्पा रेल्वेने करून मे महिन्यात स्वीडन गाठले. तिथे त्यांची पत्नी शार्लोट होती. एका स्वीडिश पत्रकाराने त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि ही कथा जगभर गाजली, ती प्रेमासाठी सायकल हाकणाऱ्या माणसाची म्हणून. प्रेम खरेच आहे. पण शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळा बसवलेला मुलगा परक्या मुलखात अनोळखी माणसांच्या घरी जेवतो, ही गोष्ट प्रेमकथेइतकीच मोठी आहे. बाजाराने ती पार्श्वभूमीला ढकलली. दलिताच्या प्रवासातून जात वजा केली की त्याचा ‘प्रेरणादायी प्रवास’ होतो आणि मग तो सर्वांना आवडतो.

आमचे काही मित्र म्हणतील, की ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याला डोंगरदऱ्या कशाला हव्यात? प्रवासवर्णन नव्हे, आत्मकथन आणि कविता हीच आपली हत्यारे. मला हे मान्य नाही. अण्णाभाऊ साठे लहानपणी वाटेगावहून मुंबईला चालत आले, ते पोटासाठी. आणि १९६१ साली रशियाला गेले, ते लेखक म्हणून. त्या दुसऱ्या प्रवासावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. तो लिहिताना त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही आणि जग पाहण्याचा आनंद लपवलाही नाही. आनंद हा वरच्यांचा मक्ता आहे असे आपणच मानू लागलो, तर वेठीचा रस्ता तेवढा आपला आणि मोकळा रस्ता त्यांचा, ही जुनी वाटणी आपण आपल्या हातांनी पक्की करू. चळवळीने मोर्च्याचा रस्ता मिळवला, नामांतराच्या लाँग मार्चचा रस्ता मिळवला. तिथे आपण हजारोंनी होतो. आता प्रश्न एकट्याचा आहे. आपला माणूस, विशेषतः आपली मुलगी, मागे जमाव नसताना सायकल घेऊन अनोळखी खोऱ्यात निर्भयपणे उतरू शकते का? लोकशाही गावात पोचली की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावरून कळेल.

म्हणून प्रवासवर्णन शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे : पुस्तक कोणतेही असो, पाण्याचा, निवाऱ्याचा आणि नावाचा असे तिन्ही प्रश्न त्याच्या समासात लिहा आणि उत्तरे शोधा. जिथे उत्तर सापडणार नाही, तिथे लेखकाची जात बोलते आहे असे समजा. आणि आपल्यापैकी ज्यांच्याकडे सायकल आहे, मग ती कामावर जायची का असेना, त्यांनी आपला रस्ता लिहून काढावा : घरापासून नाक्यापर्यंतचा, नाक्यापासून साइटपर्यंतचा, आणि सुटी मिळेल तेव्हा पनवेलपासून दासगावपर्यंतचा.