दुपारचा वर्ग

१९८५ साली, सातवीत असताना, मला कांजिण्या आल्या. अंगाखाली कडुलिंबाचा पाला, पुढ्यात मऊ भात आणि समोर नुकताच घरी आलेला कृष्णधवल दूरदर्शन संच. दुपारी त्यावर विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम लागे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी सुरू झालेला हा उपक्रम महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी होता. पाहत होतो मी!

आमच्या बेळगावात घरी मराठी, बाजारात कानडी आणि पडद्यावर अस्खलित इंग्रजी. निवेदनातले चार शब्दही उमगत नसत. तरी बी रुजताना, कोंब फुटताना दिसला की मी उठून बसे. मात्र एखादे प्राध्यापक खुर्चीत बसून टिपण वाचू लागले की डोळे मिटत. त्या कार्यक्रमाचे बळ आणि उणीव, दोन्ही एवढ्यात आले. चित्र दाखवणारे शिक्षक तिथे होते, तसे नुसते वाचणारेही होते. लहान गावांपर्यंत ज्ञान नेण्याचा हेतू थोर खरा. पण त्या गावांची भाषा कोणती, हे विचारायचे राहून गेले.

शेजारी बसून आईही पाही. एकदा तिने विचारले, “काय कळतंय रे तुला ह्यातलं?” मी म्हणालो, “दिसतंय की!” ती हसली. तिची शाळा चौथीत सुटली होती. पडद्यावर मराठीतली दोन वाक्ये असती, तर त्या दुपारी तिला पाचवीचा वर्ग मिळाला असता.