छायाचित्रकाराचें वेगळेपण

पालघर स्टेशनाजवळच्या किंवा बोईसरच्या बाजारांतल्या एखाद्या स्टुडिओंत लग्नसराईनंतर घटकाभर बसावें आणि तेथील आल्बम चाळावेत. वधू वाडवळांची असो, मांगेल्यांची असो, कीं तारापूरच्या कारखान्यांत नोकरीसाठीं परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांतली असो; तीच उचललेली हनुवटी, तोच गालांवरचा मऊ प्रकाश, तीच धूसर पार्श्वभूमि! एका आल्बमांतलें पान दुसऱ्यांत घातलें तरी फारसें बिघडणार नाहीं. आज प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा असतां धंदेवाईक छायाचित्रकारानें उठून दिसावें कसें, हा प्रश्न येथें सहजच उभा राहतो.

या मऊ प्रकाशाची गोडी मराठी घरांना ज्यांनीं विशेषेंकरून लावली, ते कै. गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११). त्यांचें अनुकरण करणारे पुष्कळ. परंतु त्यांची उमेदवारी ध्यानांत घेणारे थोडे. रसायनशास्त्राचे हे पदवीधर १९७४ सालीं लिंटास या जाहिरातसंस्थेच्या छायाचित्रविभागांत शिरले. चित्रतारकांचे फोटो काढूं लागले ते १९८० च्या सुमारास. आणि केवळ या कलेवर स्वतंत्रपणें उभे राहिले ते १९८७ सालीं. म्हणजे स्वतःचें असें उभें राहण्यापूर्वीं तेरा वर्षें गेलीं! १९९७ सालच्या त्यांच्या ‘फेसेस’ या संग्रहांत या तपश्चर्येचें फळ दिसतें. पाठीमागची सजावट नाममात्र. सारा भर डोळ्यांवर. समोरचें माणूस कॅमेऱ्याला बुजलेलें नाहीं. हें एकट्या दिव्यांचें काम नव्हे. माणसाचा संकोच जाईपर्यंत थांबण्याचें काम आहे.

तथापि या शैलीची मर्यादाहि सांगितली पाहिजे. तिचा ओढा सौंदर्याकडे आहे. त्या प्रकाशांत थकवा नि सुरकुत्या देखील शालीन होऊन येतात. रुपेरी पडद्यावरील चेहऱ्यांस तें शोभतें, पण सर्वच विषयांस नव्हे. नारायण विनायक विरकर हेहि व्यक्तिचित्रांबद्दल ख्यातनाम असलेले मुंबईचे छायाचित्रकार. परंतु १९१९ च्या हत्याकांडानंतर अमृतसरास जाऊन जालियनवाला बागेच्या भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा त्यांनीं टिपल्या, तेव्हां त्यांत मार्दवाला थारा दिला नाहीं. विषय पाहून दृष्टि बदलणें, हीच या व्यवसायाची खरी कसोटी होय, असें आम्हांस वाटतें.

आमच्या पालघर-बोईसरच्या छायाचित्रकारांना विषयांची वानवा थोडीच आहे? वारल्यांच्या लग्नांत तांदुळाच्या पिठानें लिहिलेला चौक आणि गाणारी धवलेरी आहे; सातपाटीचें बंदर आहे; पाळी संपवून बोईसरला गाडी पकडणारा कामगार आहे. पण दोष एकट्या छायाचित्रकाराचा नाहीं. रात्रभर उभें राहून मिळणारा मोबदला थोडा, आणि गिऱ्हाईक, म्हणजे आपणच, म्हणतें, “अमक्याच्या लग्नासारखे फोटो हवेत.” पन्नास वर्षांनीं नातवंडें आल्बम उघडतील, तेव्हां त्यांना नटी दिसावी कीं आजी, हें आज आपणच ठरवीत आहों. लग्नाआधीं एक दिवस छायाचित्रकारास घरीं जेवावयास बोलवावें, घरांतलीं माणसें त्याला ओळखूं द्यावींत, आणि मग त्याच्या कामाचें मोल करतांना हात आखडूं नये.