ओवीत आलेला ख्रिस्त

परदेशी कथेला देशी वस्त्र नेसवले की ती देशी झाली, असा एक सुलभ समज आपल्याकडे रूढ आहे. त्याची परीक्षा करण्यास जयपूर हे ठिकाण वाईट नाही. येथील चांदपोलजवळच्या ‘खजानेवालों का रास्ता’ या गल्लीत संगमरवरी मूर्ती घडविणाऱ्यांची दुकाने ओळीने आहेत. राम-कृष्ण, महावीर, बुद्ध यांच्या पंक्तीस तेथे कधी कधी मरियेची मूर्तीही दृष्टीस पडते. दगड इकडचा, हात पिढीजात कारागिराचा. परंतु चेहरा, झग्याच्या चुण्या, मस्तक कलते ठेवण्याची तऱ्हा हे सारे बहुधा एखाद्या युरोपीय छापील चित्राबरहुकूम. मूर्ती सुबक असते, पण कथेला तीत नवा जन्म लाभलेला नसतो.

याच्या नेमके उलट उदाहरण मराठीत चारशे वर्षांपूर्वी घडले. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये निधन होईपर्यंत बहुतेक काळ साष्टीत राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. मराठीच्या स्तुतीच्या त्यांच्या ओव्या अनेकांना मुखोद्गत असतात, आणि बहुतेकांचा परिचय तेथेच संपतो. आमच्या मते त्यांचा पराक्रम त्या स्तुतीत नसून रचनेत आहे. सुमारे ११,००० ओव्यांच्या या ग्रंथात मंगलाचरण आहे, श्रोत्याचा प्रश्न व गुरूचे उत्तर आहे, स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र.

परंतु साचा पुराणाचा असला तरी त्यात ओतलेली कथा पुराणाला सर्वस्वी ओळखीची नव्हती. आपला अवतारी पुरुष दुष्टांचे निर्दालन करतो. श्रीकृष्णाच्या निजधामगमनाला व्याधाचा बाण निमित्त झाला हे खरे, पण तो बाण चुकून लागला होता. येथे देवाचा पुत्र अपराधी ठरवून, चौकशी करून, भर लोकांत वधस्तंभावर चढविला जातो. स्टीफन्स यांनी ही कथा सौम्य केली नाही. कथेने ओवीचे रूप घेतले आणि ओवीने कथेचे दुःख पत्करले. असे दोन्ही बाजूंनी देणेघेणे झाले, म्हणून हे पुराण केवळ भाषांतर राहिले नाही.

मात्र या ग्रंथाच्या पाठीमागची सावली दृष्टीआड करून चालणार नाही. जुनी पुराणे हिरावली गेलेल्या नवख्रिस्ती समाजाला वाचण्यास काही हवे होते, ही मागणी ग्रंथाच्या आरंभीच एका ब्राह्मण श्रोत्याच्या मुखी घातलेली आहे. ग्रंथात परमतखंडनही आहे, आणि तेथे काव्य पातळ होते. पुढे १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज सत्तेने लोकांना तीन वर्षांत स्वभाषा टाकून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. एका ग्रंथाने भाषेला दिलेला मान राज्यसत्तेने दिला नाही.

चित्रकलेत असाच प्रयत्न गोव्याचे आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी केला. शांतिनिकेतनात शिकून आलेल्या या चित्रकाराची साडी नेसलेली मरिया गोव्यातील धर्माधिकाऱ्यांना रुचली नाही, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात त्यांनी आश्रय घेतला. त्यांच्या मरियेचे मोल साडीत नाही. झुकलेली दृष्टी आणि संयत रेषा यांमुळे ती आपल्या घरातली माउली वाटते. साडी हा त्याचा परिणाम आहे, कारण नव्हे.

अशा कृतींची कसोटी कोणती? उत्तर जयपुरातच सापडते. सवाई जयसिंहांनी फादर फिगेरेदो यांच्यासमवेत पोर्तुगालला माणसे पाठविली आणि दे ला हिर यांची ग्रहकोष्टके आणविली. ती त्यांनी शिरोधार्य मानली नाहीत, परकी म्हणून फेकलीही नाहीत. स्वतःच्या वेधांशी ताडून पाहिली, आणि चंद्राच्या स्थानात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक दाखवून दिला. परदेशातून आलेली कथा, प्रतिमा वा विद्या आपल्या आकाशाखाली अशी ताडून पाहिली गेली आहे काय, एवढेच समीक्षकाने विचारावे. गल्लीतील संगमरवरी मरियेला हा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. ‘ख्रिस्तपुराण’ त्यास उतरते, फोन्सेकांची चित्रेही उतरतात.

बदलीच्या गावी वर्षानुवर्षे राहणाऱ्या आम्हां मराठी नोकरदारांना या ग्रंथाचे आणखी एक अगत्य आहे. आपण परप्रांती मंडळे काढतो, गणेशोत्सव करतो, आणि शेजाऱ्याची बोली भाजीबाजारापुरती शिकतो. स्टीफन्सही एका परीने परमुलखी नेमणुकीवर आलेले गृहस्थच होते. त्यांनी त्या मुलखाच्या भाषेत महाकाव्य लिहिले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ देवनागरीत आणले आहे. ते हाती घेणाऱ्याने स्तुतीच्या ओव्यांवर न थांबता वधस्तंभापर्यंत जावे. परक्या माणसाने आपल्या भाषेवर केवढा विश्वास टाकला होता, हे तेथे कळते.