फ्रॅक्टल चित्रे आणि वरळीचा किनारा

बेन्वा मांडेलब्रॉट यांचे 'द फ्रॅक्टल जिऑमेट्री ऑफ नेचर' हे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. सरळ रेषा, वर्तुळे आणि शंकू यांच्या भूमितीत ढग, डोंगर, किनारे बसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी भूमिती हवी, हे त्याचे मुख्य म्हणणे. पुस्तक गाजले ते मात्र गणिताइतकेच चित्रांमुळे. संगणकाने काढलेले डोंगर आणि ग्रह पाहून लोक थक्क झाले. पुढे फ्रॅक्टल चित्रांची एक स्वतंत्र कला उभी राहिली आणि तिच्या पाठोपाठ एक तत्त्वज्ञानही आले: निसर्ग मुळात गणितच आहे आणि फ्रॅक्टल ही त्याची लिपी. चित्रे देखणी आहेत, यात वाद नाही. तत्त्वज्ञान मात्र पारखून घेतले पाहिजे.

आधी चित्र कसे तयार होते ते पाहू. हेल्गे फॉन कॉख या स्वीडिश गणितज्ञाने १९०४ साली दिलेली कृती आलेखाच्या कागदावरही करता येते. एका रेषाखंडाचे तीन समान भाग करा. मधला भाग पुसा आणि त्या जागी तेवढ्याच लांबीच्या दोन रेघांचे टोक काढा. आता चार रेघा झाल्या. प्रत्येक रेघेवर हीच कृती पुन्हा करा. दर वेळी लांबी ४/३ पट होते; दहा वेळा केल्यावर ती जवळजवळ १८ पट होते. कृती थांबवलीच नाही तर लांबीला अंतच नाही. या वक्राची मिती १ नाही आणि २ही नाही, ती सुमारे १.२६ आहे.

आता खऱ्या किनाऱ्याकडे वळू. उदाहरण म्हणून वरळी घेऊ. वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक. त्याच्या उत्तर टोकाला किल्ला आणि कोळीवाडा आहे. तिथपासून हाजी अलीपर्यंतचे सरळ अंतर सुमारे साडेचार किलोमीटर. पण किनाऱ्याची लांबी किती? ते मोजपट्टीवर अवलंबून आहे. पट्टी जितकी लहान, तितक्या अधिक खाचाखोचा मोजल्या जातात आणि लांबी वाढते. लुईस रिचर्डसन यांनी हे आकड्यांनिशी दाखवले. त्यांचे काम मृत्यूनंतर, १९६१ साली छापले गेले. १९६७ साली मांडेलब्रॉट यांनी त्याला मितीचा अर्थ दिला. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती सुमारे १.२५ निघते, तर दक्षिण आफ्रिकेच्या गुळगुळीत किनाऱ्याची १.०२.

आपल्या देशातही हे घडले. भारताच्या किनाऱ्याची लांबी अनेक दशके ७५१६.६ किलोमीटर शिकवली गेली. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४च्या अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर झाली. जुने मोजमाप १ : ४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरचे होते, नवे १ : २,५०,००० प्रमाणाचे. जुन्या नकाशावर वरळी ते हाजी अली हे अंतर जेमतेम एक मिलिमीटर भरते, नव्यावर १.८ सेंटिमीटर.

इथेच उत्साही मंडळी घाई करतात. प्रमाण १८ पट बारीक झाले, लांबी १.४८ पट वाढली. लॉगरिदम घेतले की मिती १.१३ निघते. पण दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते! मोजणीची पद्धत बदलली असेल, तर वाढीचा काही भाग त्याचाही असणार. फ्रॅक्टल म्हणायचे तर अनेक मोजपट्ट्यांवर तोच नियम टिकला पाहिजे. १९९८ साली आव्निर आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये अशा दाव्यांचा आढावा घेतला. बहुतेक दावे मोजपट्टीच्या जेमतेम वीसपट फरकाच्या आसपासच तपासलेले होते. कॉखच्या वक्राला अशी मर्यादा नाही. निसर्गातल्या वस्तूला ती असतेच.

दुसरा आक्षेप चित्रांवरच आहे. लॉरेन कार्पेंटर यांनी १९८० साली 'व्हॉल लिब्र' या छोट्या चित्रपटात फ्रॅक्टल डोंगरांवरून विमानोड्डाण दाखवले. डोळ्यांना ते डोंगर खरे वाटतात. पण अशा साध्या कृतीने केलेला डोंगर उलटा धरा: दऱ्यांचे सुळके होतात, सुळक्यांच्या दऱ्या होतात, आणि तरी तो डोंगरच दिसतो. सह्याद्रीचे असे होणार नाही. तिथे पाण्याने दऱ्या कोरल्या आहेत आणि त्या एकमेकींना मिळत खाली जातात. फ्रॅक्टल डोंगरात नदीच नसते. १९८९ साली केन मस्ग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी संगणकातल्या डोंगरावर धूप घडवली, तेव्हा त्यात ओढे उमटले. म्हणजे खरेपणा आणण्यासाठी पाण्याचे भौतिकशास्त्र बाहेरून आणावे लागले. खडबडीतपणा किती, हे मिती सांगते. तो कशामुळे आला, हे सांगत नाही.

शिवाय किनारा ही एक रेघ नाहीच. वरळीला ओहोटीत खडक उघडे पडतात, भरतीत झाकले जातात. उधाणाच्या दिवसांत पाण्याच्या पातळीत कधीकधी चार मीटरहून अधिक फरक पडतो. भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. कोणती रेघ मोजायची आणि कोणत्या पट्टीने, हे कामावरून ठरते. सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधून होड्या नेण्यासाठी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांनी अंतर वाढवून मागितले. आधीच्या आराखड्यात ते ६० मीटर होते, २०२२ साली १२० मीटर मान्य झाले. देशाच्या नकाशावर हा फरक ठिपक्याएवढाही नाही. होडी चालवणाऱ्याला तो जगण्याचा प्रश्न आहे. सगळ्या मोजपट्ट्या गणिताला सारख्या, माणसाला नाहीत.

मग वास्तव गणिती आहे का? मांडेलब्रॉट संच निव्वळ गणित आहे. संख्येचा वर्ग करा, त्यात ठरावीक संख्या मिळवा, हेच पुनःपुन्हा करा. ती आकृती कुणीही, कुठेही काढली तरी तीच येईल. रंग तेवढे चित्रकाराचे. वरळीचा खडक तसा नाही. त्याच्याबद्दलचे गणित खरे ठरते ते काही मर्यादेत, आणि ती मर्यादा मोजूनच कळते. माझ्या मते मांडेलब्रॉट यांचे मोठे काम निसर्गाची लिपी शोधण्यात नाही. 'लांबी किती?' या प्रश्नाला 'कोणत्या पट्टीने?' हा प्रतिप्रश्न त्यांनी अपरिहार्य केला, त्यात आहे.

वर्गात हे जरूर करून पाहावे. मुंबईचा मोठा नकाशा घ्या. कर्कटकात अर्धा, एक, दोन आणि चार सेंटिमीटर अंतर धरून तोच किनारा चार वेळा मोजा आणि लॉग-लॉग आलेख काढा. मुलांना मिती काढायला लावाच. पण बिंदू रेषेवरून कुठे घसरतात आणि का, हेही विचारा. चित्र संपते आणि विज्ञान सुरू होते ते तिथेच.